आवाजाला भिणारे निंबाभाऊ

निंबाभाऊ पाटलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. जळगावच्या एका खासगी संगणक वर्गात शिकवायला लागले, तो माझा पहिला दिवस. साडेनऊ वाजले असतील. विद्यार्थी यायचे होते. आत एक उंच, जरासा वाकलेला माणूस एकेका टेबलापाशी थांबत पुढे सरकत होता. प्रत्येक मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना छोटे, पिवळट पांढरे स्पीकर होते. उजव्या स्पीकरवरचं आवाजाचं बटण तो माणूस डावीकडे पार शेवटापर्यंत फिरवायचा आणि बोटानं पुन्हा एकदा चाचपून बघायचा, खरंच शेवटाला टेकलंय ना. आठ संगणक, आठ बटणं. सगळी झाल्यावर तो दाराशी आला, मेन स्विचवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मग स्विच वर केला.

"डोळे कशाला मिटता?" मी हसून विचारलं.

ते दचकले. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

"सवय शे," ते म्हणाले. मग मी नवी आहे हे लक्षात आलं असावं. "सवय आहे, ताई. तुम्ही आत येताना चपला वाजवत येत जा, म्हणजे कुणी आलंय ते कळतं."

ते आमच्या वर्गाचे दुरुस्तीवाले. मूळचे शिरपूरकडच्या एका खेड्यातले. आधी धुळ्याला लाउडस्पीकरचा धंदा, नंतर रेडिओ दुरुस्ती, आणि संगणक आले तसे इकडे. वय पंचेचाळिसाच्या आसपास. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि टेस्टरच्या शेजारी कापसाचा एक बोळा, नेहमी. तो कापूस कशासाठी हे मला बरेच दिवस कळलं नाही.

ते मल्टीमीडियाचे दिवस होते. संगणक बोलतो, गातो, वाघासारखा गुरगुरतो, हे बघायला आईवडील मुलांना घेऊन वर्गात यायचे. आमचे संचालक देवरे सर त्यामुळे खूश असायचे. त्यांना आवाज मोठा हवा असायचा. निंबाभाऊंना तो लहान हवा असायचा. दोघांचं यावरून रोज काहीतरी चालायचं.

एकदा एक विक्रेता नवे स्पीकर दाखवायला आला. खोक्यावर ठळक अक्षरांत बाराशे वॅट असं छापलेलं. देवरे सरांचे डोळे चमकले. निंबाभाऊंनी एक स्पीकर उचलला, तळहातावर तोलून बघितला आणि परत ठेवला.

"यात ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा असेल," ते म्हणाले. "बाराशे वॅटचा भोंगा गावात लावला, तर पलीकडच्या गावातली म्हैस दावं तोडून पळेल. हा बिचारा तीन वॅटचा आहे. त्याला खोटं बोलायला लावलंय."

विक्रेता म्हणाला, "पण भाऊ, आवाज बघा ना."

"बघितला. बठ्ठा, सगळाच आवाज बाहेर फेकस, आत काही ठेवस नही."

तरी देवरे सरांनी तेच घेतले. मग निंबाभाऊंनी आठवडाभर त्या सोळा स्पीकरांची शस्त्रक्रिया केली. प्रत्येकाची पाठ उघडली आणि आत कापूस भरला. गावाकडून जिनिंगमधला सरकी काढलेला कापूस त्यांनी पिशवी भरून आणला होता. प्लास्टिकच्या डब्यात आवाज डब्यासारखाच घुमतो, कापूस ते घुमणं शोषून घेतो, हे त्यांनी मला समजावलं. किती भरायचा हे ते बोटांनी ठरवायचे. जास्त झाला की आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो, कमी झाला की पत्र्याचा. खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवले, म्हणजे टेबल थरथरत नाही. भिंतीपासून एक वीत पुढे, कारण कोपऱ्यात सरकवला की स्पीकरचा ढोल होतो. मॉनिटरपासून जरा लांब, नाहीतर आतल्या चुंबकानं पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडतात. आणि दोन्ही स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, किंचित आत वळवलेले. कानापासून दोन्हीकडे अंतर सारखं आहे ना, हे ते दोरीनं मोजायचे.

सगळं झाल्यावर त्यांनी मला एका खुर्चीवर बसवलं आणि एका बाईच्या आवाजातला धडा लावला. मला वाटलं, ती बाई पडद्याच्या मधोमध बसून माझ्याशी बोलतेय. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. आवाज इतका हळू होता, तरी शब्दन् शब्द कळत होता.

"आवाज मोठा लागत नाही, ताई. नीट असला की पुरतो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी थोडं हसू आलं होतं. असं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

पण त्यांची खरी कारागिरी दुसरीच होती. त्या काळचे स्पीकर चालू केले की आधी 'ठप्प' असा एक ठोका यायचा. कोणाला त्याचं काही वाटत नसे. निंबाभाऊंनी सोळाच्या सोळा स्पीकरांना एक छोटा रिले बसवला. बटण दाबल्यावर चार सेकंद स्पीकर जोडलाच जायचा नाही, तो ठोका आतल्या आत विरून जायचा आणि मग आवाज सुरू व्हायचा. संगणक सुरू होताना वाजणारं संगीतही त्यांनी सगळीकडून काढून टाकलं होतं. देवरे सर चिडायचे. "अहो, लोकांना तेच तर आवडतं!" निंबाभाऊ मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि संगीत काढलेलंच ठेवायचे.

आम्ही सगळे त्यांना हसायचो हे आज सांगताना लाज वाटते. त्यांना मागून मौनीबाबा म्हणायचो. लोखंडी खुर्ची पडली, दार आपटलं, की ते आधी दचकायचे आणि मग चारी बाजूंना बघायचे, जणू कुणी पडलंय का ते शोधत. एकदा एका विद्यार्थ्यानं गंमत म्हणून गाण्याची सीडी घातली आणि बटण एकदम पूर्ण फिरवलं. निंबाभाऊ दुसऱ्या खोलीतून धावत आले आणि त्यांनी भिंतीतली पिनच उपटली. पोरं खो-खो हसत होती. ते मात्र बाहेर जाऊन जिन्यावर बसले. मी पाणी घेऊन गेले, तर त्यांनी पेला घेतला आणि न पिताच पायरीवर ठेवून दिला. माणूस एवढा घाबरट कसा असू शकतो, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

सहा-सात महिन्यांनी त्यांची मुलगी वर्गात आली. ज्योती. बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, सडपातळ, बोलकी. ती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी निंबाभाऊ माझ्याकडे आले. वर्ग रिकामा होता. त्यांनी आठव्या नंबरचा संगणक आतल्या कोपऱ्यात हलवला होता, दारापासून आणि टेलिफोनपासून सगळ्यात लांब.

"ताई, उद्या माझी ज्योती येणार. तिला तिथे बसवा. आणि एक करा. तिला मागून हाक मारू नका. समोर जाऊन बोला."

"का हो? तिला काही त्रास आहे का?"

ते खिशातला तो कापसाचा बोळा काढून बोटांत फिरवत राहिले.

"तिच्यावर एक होती. रेखा," ते म्हणाले. "धुळ्याला. चौदा वर्षांची. गल्लीतच लग्न होतं, मांडवात माझा लाउडस्पीकर. उन्हाळा. ती माझा डबा घेऊन आली. मी अँप्लिफायरच्या मागे वाकून वायर जोडत होतो. मला वाटलं, बंद आहे. बंद नव्हतं. वायर टेकली आणि काडकन आवाज झाला. फार मोठा. मी वर बघितलं तर ती माझ्याकडे बघून हसली. दचकली ना, म्हणून हसली. मला चिडवायला. आणि मग खाली बसली. बसली ती बसलीच."

त्यांनी बोळ्यातून कापसाचा एक धागा ओढून काढला.

"डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. गल्लीतले म्हणाले, मिरगी. आजी म्हणाली, बाहेरचं. मी म्हणालो, आवाजानं गेली. आधीही दोनदा अशीच पडली होती ती. एकदा शाळेची घंटा कानाशी वाजली तेव्हा, एकदा घरात हंडा पडला तेव्हा. सगळे मला म्हणाले, निंबा, तुला धक्का बसलाय. आवाजानं कुठे कुणी मरतं का?"

"आणि ज्योती?"

"अकरा वर्षांची होती. शेजाऱ्यांकडे नवा टेलिफोन आला. ही बघायला गेली आणि तो वाजला. पडली. अर्ध्या-एक मिनिटानं उठली. तिला पाच डॉक्टरांना दाखवलं. रक्त कमी आहे म्हणतात, लोहाच्या गोळ्या देतात." त्यांनी बोळा परत खिशात ठेवला. "हा तिच्या कानांत घालायला, कधी वेळ आली तर. रेखाला जाऊन नऊ वर्षं झाली, ताई. मी रोज देवाला सांगतो, त्या लोकांचं खरं असू दे. माझं खोटं असू दे. ऊनच लागलं असू दे रेखाला. पण माले भ्याव वाटस."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. खरं तेच सांगते. मुलगी गेलेला बाप, त्यानं काहीतरी कारण धरून ठेवलंय, असं मला वाटलं. पण भीती ऐकणाऱ्याला लागते. दुसऱ्या दिवसापासून मला वर्गातले आवाज ऐकू यायला लागले. त्याआधी ते नव्हते असं नाही, मी ऐकत नव्हते. खालच्या दुकानाचं शटर. रस्त्यावर टेंपोचा हॉर्न. पंख्याला लागून फाटकन उडालेला कागद. टेलिफोन वाजायच्या आधी त्यातून बारीक टिक् असा आवाज येतो, तो मला ओळखता यायला लागला आणि पहिली घंटी पूर्ण व्हायच्या आत मी रिसीव्हर उचलायला लागले. प्रत्येक वेळी नजर आठव्या नंबरकडे जायची. ज्योतीची वेणी हलताना दिसली की श्वास सुटायचा.

ज्योतीला हे सगळं माहीत होतं आणि तिला त्याचा कंटाळा आला होता. वडिलांना ती नाना म्हणायची.

"आमच्या घरी कुकर नाही, ताई," ती एकदा डबा खाताना म्हणाली. "डाळ पातेल्यात शिजते. दारांना फडकी बांधलीत. गजराचं घड्याळ गादीखाली, कपड्यात गुंडाळून. दिवाळीला आम्ही पळून जातो."

"कुठे?"

"शिरपूरच्या पुढे डोंगरात नानांच्या ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे. फराळाचे डबे घेऊन. फटाके संपले की परत. नाना चारही दिवस बांधावर बसून असतात, तिकडून कोणी फटाका घेऊन येत नाही ना ते बघत. आई म्हणते, एकदा तरी घरी दिवा लावू द्या." ती हसली, पण तिला रडू आलेलं मला दिसलं. "मी कापूस भरून ठेवलेल्या स्पीकरसारखी आहे. मला एकदा तरी मोठा आवाज ऐकायचाय. सगळे ऐकतात तसा. काही होत नाही मला, ताई. नानांना वाटतं फक्त."

पुढच्या थंडीत देवरे सरांनी एका सभागृहात संगणक प्रदर्शन भरवलं. मुख्य टेबलावर त्यांनी भाड्यानं आणलेले मोठे स्पीकर ठेवले. खाली एक मोठा डबा, नुसत्या जाड, घुमणाऱ्या आवाजासाठी. निंबाभाऊंनी ते बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"याला रिले नाही," ते म्हणाले. "बटण पण सैल आहे. हात लागला की फिरेल."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, पाटील," सर म्हणाले. "लोकांना जरा आवाज ऐकू द्या."

ज्योतीनं यायचा हट्ट धरला होता. सगळ्या मैत्रिणी माहिती सांगायला उभ्या राहणार होत्या. निंबाभाऊंनी तिला सगळ्यात दूरच्या टेबलावर उभं केलं आणि मला म्हणाले, "ताई, लक्ष असू द्या." पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला विजेचा एक बोर्ड जळला आणि सरांनी निंबाभाऊंना बाजारात पाठवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मी मान हलवली होती, हे मला आजही आठवतं. कारण त्यानंतर दहाच मिनिटांत शाळेतल्या मुलांची एक रांग आत आली आणि मी त्यांना बसवण्यात गुंतले. मुख्य टेबलावरची मुलगी चहाला गेली होती. ज्योती तिच्या जागी जाऊन उभी राहिली, ते मी पाहिलं नाही. जंगलातल्या प्राण्यांची सीडी लावलेली होती. तेवढ्यात लाइट गेली.

लाइट गेली तरी संगणक बॅटरीवर चालू राहिला. स्पीकर मात्र भिंतीतल्या विजेवर होते, ते बंद पडले. पडद्यावर सिंह दिसत होता आणि आवाज येत नव्हता. समोरची मुलं ओरडू लागली, "आवाज, ताई, आवाज!" ज्योतीनं बटण फिरवलं. आवाज आला नाही. अजून फिरवलं. अजून फिरवलं. ते पार उजवीकडे टेकलं. आणि लाइट आली.

त्या गर्जनेनं सभागृहाच्या काचा थरथरल्या. मुलं आधी किंचाळली आणि मग टाळ्या वाजवत हसायला लागली. मी वळून पाहिलं. ज्योती टेबलाला धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. मग तिचा हात टेबलावरून सुटला.

मी पोचेपर्यंत ती जमिनीवर होती. डोळे अर्धे उघडे. मी मनगट धरलं, काही लागेना. माझ्याच बोटांतलं रक्त धडधडत होतं, त्यामुळे कळत नव्हतं. मानेजवळ बोटं ठेवली. तिथेही काही नाही. कोणीतरी म्हणत होतं, कांदा आणा. कोणीतरी म्हणत होतं, चक्कर आहे, पाणी मारा. तो सिंह तसाच ओरडत होता, कारण बटण कमी करायचं कोणाला सुचलं नव्हतं. मग एकदम शांत झालं. निंबाभाऊ दारातून आत आले होते आणि त्यांनी वायर ओढून तोडली होती.

ते ज्योतीजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांनी एकदा तिच्या छातीच्या मधोमध मूठ आपटली आणि नंतर दोन्ही तळहातांनी दाबायला लागले. हे त्यांनी कुठेतरी पुस्तकात वाचून, उशीवर कितीतरी वेळा करून बघितलं होतं, हे मला नंतर कळलं. आणि ते तिला हाक मारत होते. कुजबुजत. अगदी कानाशी, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू. "ज्योती. ऊठ बेटा. ज्योती, आयकस का?" मुलगी हातातून चाललेली असतानाही त्या माणसाला आवाज चढवायची भीती वाटत होती.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ज्योतीनं एक मोठा, घुसमटल्यासारखा श्वास घेतला. मग दुसरा.

"मीच फिरवलं, नाना," ती डोळे उघडल्यावर म्हणाली.

रिक्षात मी त्यांच्याबरोबर होते. निंबाभाऊ अर्धे बाहेर झुकून रिक्षावाल्याला एकच विनवत होते, "हॉर्न नको वाजवू रे भाऊ, तुझ्या पाया पडतो, हॉर्न नको वाजवू." चौकात गर्दी होती. तो बिचारा हातानं लोकांना बाजूला करत, तोंडानं "सरका, सरका" म्हणत गेला.

दवाखान्यात सुरुवातीला पुन्हा तेच झालं. घाबरली आहे, रक्त कमी आहे, दोन दिवस आराम द्या. निंबाभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, आवाजानं होतं हे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून ओठ दाबले. त्या क्षणी मला स्वतःचा राग आला, कारण मीही वर्षभर त्यांच्याकडे तसंच बघत आले होते. मी म्हणाले, "त्यांचं खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. नाडी नव्हती."

तिथे एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच मुंबईत हृदयरोगाचं शिकून आलेले. ते दाराशी थांबले. "काय म्हणालात? कशानंतर पडली?"

निंबाभाऊंनी पहिल्यापासून सांगितलं. शाळेची घंटा, हंडा, मांडव, टेलिफोन, सिंह. मग डॉक्टरांनी ज्योतीच्या हृदयाचा आलेख काढला, त्या कागदी पट्टीवर शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक लावून मोजलं, पुन्हा मोजलं, दुसरी पट्टी काढली आणि पुन्हा मोजलं. आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. त्या कर्कटकाच्या टोकाकडे बघताना मला वाटत होतं, त्यांनी मोजायचं थांबवूच नये.

"पाटील," ते शेवटी म्हणाले, "हा जन्मजात दोष असतो. एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. एरवी काही कळत नाही. पण अशातल्या काही जणांना अचानक आवाज झाला, की ठोक्याचा ताल पूर्ण बिघडतो. घंटा, टेलिफोन, गजर. त्यावर गोळी आहे. रोज घ्यायची, चुकवायची नाही. धोका पुष्कळ कमी होतो."

"म्हणजे रेखा..."

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक तसंच," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. तुम्ही हिला इतकी वर्षं सांभाळलंत, म्हणून ही आज समोर आहे."

निरोप मिळून तोवर पोचलेल्या ज्योतीच्या आई, कमलवहिनी, रडायला लागल्या, सुटकेनं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही समाधान होतं. निंबाभाऊ मात्र हळूहळू बाकावर बसले. नऊ-दहा वर्षं सगळं जग त्यांना सांगत होतं की तुझ्या हातून काही झालं नाही. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, तरी तेवढाच एक आधार होता. तो त्या दिवशी गेला. "वायर बघायला पाहिजे होती," एवढंच ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

डॉक्टरांनी आईवडिलांचेही आलेख काढायला सांगितले, कारण असा दोष बहुधा घरातूनच येतो. दोनतीन आठवड्यांनी निंबाभाऊ वर्गात आले. माझ्या टेबलासमोरची खुर्ची उचलून, आवाज न करता, मागे घेऊन बसले.

"माझा आलेख चांगला निघाला," ते म्हणाले. "ज्योतीच्या आईचा निघाला नाही."

वहिनींना आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. तरी गोळी घ्यायला सांगितली होती.

"मी डॉक्टरांना म्हणालो, तिला गोळी द्या, पण पोरींना हे तुमच्याकडून आलं, असं तिला सांगू नका. ते ऐकेनात. म्हणाले, औषध घेणाऱ्याला कारण माहीत पाहिजे. शेवटी ठरलं, तुम्हाला हृदयाचा त्रास आहे एवढं सांगायचं. तिनं स्वतः विचारलं तर मग खरं सांगायचं." ते खाली बघत होते. "रेखा माझ्या हातानं गेली, हे मला पाठ झालंय, ताई. त्याच्यात मी राहू शकतो. तिला एक दिवसही राहता येणार नाही."

वहिनींनी डॉक्टरांना कधीच विचारलं नाही. त्या रोज सकाळी ज्योतीच्या गोळीबरोबर स्वतःची गोळी घ्यायच्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्याही नवऱ्यासाठी गप्प राहिल्या, असं मला कधीकधी वाटतं. आता त्या दोघांपैकी कोणी नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

देवरे सर त्यानंतर बदलले. प्रदर्शनाच्या त्या दिवसाबद्दल त्यांनी निंबाभाऊंची माफी मागितली आणि वर्गातला टेलिफोन स्वतःच्या खोलीत, दाराआड नेऊन ठेवला. ज्योतीनं शिक्षण पूर्ण केलं. पुढे तिची स्थळं यायला लागली, तेव्हा निंबाभाऊ प्रत्येक ठिकाणी पहिल्याच भेटीत आजाराचं सांगायचे, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवायचे. दोन घरं लगेच उठून गेली. तिसरे बोदवडचे शिक्षक होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, ज्योतीला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मग लग्नात बँड ठेवायला नको." लग्न बँडशिवाय झालं. मंगलाष्टकंही माइकशिवाय.

मी लग्न होऊन अकोल्याला गेले आणि भेटी संपल्या.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माहेराहून अकोल्याला चालले होते. पॅसेंजर बोदवडला थांबली. खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर पुढच्या डब्यातून ज्योती उतरत होती, अंगानं भरलेली, हातात पिशव्या. मागून निंबाभाऊ, केस पार पांढरे झालेले, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मी हात हलवला. ज्योती धावतच खिडकीशी आली.

"ताई! मुलगा झाला. तीन महिन्यांचा आहे. माहेरपण संपलं, आता सासरी सोडायला आलेत नाना."

निंबाभाऊ हळूहळू, पाय जपून टाकत मागून आले. मी बाळाकडे बघितलं. त्याचे डोळे टक्क उघडे होते.

"डॉक्टरांना दाखवलं का?" मी हळूच विचारलं.

"दाखवलं," ते म्हणाले. "इतक्या लहानाचं नक्की सांगता येत नाही म्हणाले. सहा महिन्यांनी परत पट्टी काढू. असेलही, नसेलही."

"नसेल हो," ज्योती म्हणाली. "माझ्यासारखा नाही, त्याच्या बाबांसारखा आहे. नाना उगाच घाबरतात."

गार्डनं हिरवं निशाण दाखवलं. निंबाभाऊंना ते माझ्या आधी दिसलं. ते पटकन फलाटावरच्या बाकावर बसले, बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या दोन्ही कानांवर आपले तळहात ठेवले. ज्योती हसत मला काहीतरी सांगत होती. इंजिनानं लांब शिट्टी दिली. गाडी हलली. ज्योती हात हलवत राहिली. निंबाभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. इंजिनाकडेही नाही. शिट्टी थांबली होती, डबे एकेक करून त्यांच्यासमोरून सरकत होते, आणि ते खाली वाकून, श्वास रोखून, त्या बाळाचा चेहरा बघत होते.